जळालेल्या रोहित्राचा पंचनामा कोण करणार?

गांवांत गारपीट झाली म्हणजे तलाठी येतो, पंच जमतात, आणि शेतांत उभें राहून नुकसानीचा पंचनामा होतो. वीज पडून बैल मेला तरी पंचनामा होतो. कडब्याची गंजी पेटली तर ती कशानें पेटली, वारा कोणत्या दिशेचा होता, शेजारीं कोणाची चूल होती, हें सर्व कागदावर येतें. महसूल खात्यांत कारकून म्हणून मीं आयुष्याचीं बत्तीस वर्षें काढलीं. असे कागद माझ्या हातून किती गेले असतील त्याची गणती नाहीं. परंतु ज्या एका वस्तूच्या जळण्यानें गांवच्या वीस-बावीस विहिरी एका क्षणांत मुक्या होतात, त्या वस्तूचा पंचनामा झालेला मीं अद्याप पाहिलेला नाहीं. ती वस्तु म्हणजे विजेचें रोहित्र, ज्यास आपण सारे डी. पी. म्हणतों.

“डी. पी. जळाली,” एवढें म्हटलें कीं आपली चौकशी संपते. कशानें जळाली, हें कोणी विचारीत नाहीं; नवी केव्हां मिळणार एवढेंच विचारतात. जळणें हा परिणाम आहे, कारण नव्हे, ही गोष्ट गंजीच्या बाबतींत आपणांस कळते आणि रोहित्राच्या बाबतींत कळत नाहीं, याचें मला नवल वाटतें.

दोन वर्षांपूर्वीं पौष महिन्यांत आमच्या मळ्याकडील १०० केव्हीए शक्तीचें रोहित्र जळालें. रांगडा कांदा पोसण्याच्या स्थितींत होता, गहूं ओंबीवर येत होता. अकरा दिवस आम्ही वीज कचेरीचे उंबरे झिजविले. शेवटीं वर्गणी काढून ट्रॅक्टर भाड्यानें केला, जळालेलें रोहित्र आम्हींच तालुक्यास पोंचविलें आणि दुरुस्त झालेलें दुसरें घेऊन आलों. त्या दिवशीं गांवांत नारळ फुटला. एकोणिसाव्या दिवशीं पहांटे, वीज आल्याबरोबर, तेंही गेलें. गव्हाचें एक पाणी चुकलें. कांदा गोटीएवढा राहिला. माझ्या शेजाऱ्यानें तो उपटलाही नाहीं, त्यांत मेंढ्या बसविल्या.

गांवकरी म्हणाले, भंगार माल आमच्या गळ्यांत बांधला. वायरमन म्हणाला, तुम्ही आकडे टाकतां. दोघांनींही एकमेकांकडे बोट दाखविलें. झाकण उघडून पाहण्याचें मात्र दोघांपैकीं एकाच्याही मनांत आलें नाहीं. मला जुन्या नोकरीची खोड. दोन पक्ष भांडूं लागले कीं प्रथम जागा पाहावी, मग जबाब घ्यावे. म्हणून मीं चौकशीस आरंभ केला.

रोहित्र हें मुळांत फार साधें यंत्र आहे. पोलादी टाकींत लोखंडी पातळ पत्र्यांचा गाभा, त्याच्या तीन पायांवर तारेचीं वेटोळीं, तारेवर कागदाचें वेष्टन, आणि हें सर्व तेलांत बुडविलेलें. एका बाजूनें ११,००० व्होल्ट दाबाची वीज आंत येते, दुसऱ्या बाजूनें ४३३ व्होल्टची बाहेर पडते. तेल दोन कामें करतें: वेटोळ्यांची उष्णता टाकीच्या भिंतीपर्यंत वाहून नेतें, आणि विजेस भलत्या वाटेनें जाऊं देत नाहीं. यांत सतत फिरणारा किंवा घासणारा एकही भाग नाहीं. बुडापेस्ट येथील गांझ कारखान्याच्या तिघां अभियंत्यांनीं, झिपर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी यांनीं, १८८५ सालीं बंद गाभ्याचें रोहित्र सिद्ध केलें. तेव्हांपासून तत्त्व तेंच आहे. असें यंत्र पंचवीस वर्षें चालावें अशी अपेक्षा धरतात. तें एकोणीस दिवसांत मरतें, तेव्हां तें आपल्या मरणानें मरत नाहीं.

तालुक्याच्या गांवीं रोहित्रांचीं वेटोळीं नव्यानें भरून देणारा एक जुना कारागीर आहे. त्याच्याकडे मी तीन दिवस जाऊन बसलों. तो म्हणाला, “भाऊसाहेब, आमच्याकडे आलेली डी. पी. कशानं गेली, तें आम्हांला झाकण काढतांच बहुतेक कळतं. पण विचारायला आजवर कोणी आलं नाही.” त्या तीन दिवसांत नऊ टाक्या उघडल्या गेल्या. मीं जें पाहिलें तें वाचकांपुढें सविस्तर ठेवतों, कारण आपल्या मासिकांतून पिकांच्या रोगांचीं लक्षणें आपण वर्षानुवर्षें वाचतों, त्या पिकांस पाणी देणाऱ्या या यंत्राच्या रोगांचीं लक्षणें मात्र कोठें वाचावयास मिळत नाहींत.

पहिल्या टाकींतील तेल काळें ठिक्कर झालेलें, करपट वास सुटलेला, आणि तिन्ही पायांवरील वेटोळ्यांचा कागद सारखाच तपकिरी होऊन बोटाच्या स्पर्शानें त्याचा भुगा होत होता. हें पुष्कळ दिवस सोसलेल्या जादा भाराचें लक्षण. कागदाचें आयुष्य उष्णतेवर अवलंबून असतें. अमेरिकेंतील माँटसिंगर या अभियंत्यानें १९३० सालीं असा हिशेब मांडला कीं, उष्णता ८ अंश सेल्सिअसनें वाढली म्हणजे वेष्टनाचें आयुष्य निम्में होतें. म्हणजे १६ अंशांनीं चार आणे राहतें, २४ अंशांनीं दोन आणे. असें रोहित्र जळतें एका दिवशीं, पण तें मरत आलेलें असतें दोन-तीन हंगाम.

दुसऱ्या टाकींत दोन पायांवरील वेटोळीं पिवळीं व निरोगी, आणि तिसऱ्या पायावरचें कोळसा झालेलें. एकाच फेजवर सारा बोजा पडला, किंवा त्याच फेजच्या तारेवर कांहीं दोष राहिला, म्हणजे असें होतें. तिसऱ्या टाकींतील वेटोळीं जळालेलीं कमी आणि वांकडींतिकडीं झालेलीं जास्त; मधले लांकडी आधार निखळून खालीं पडलेले. ही शॉर्ट सर्किटाची खूण. खांबांवरील लोंबत्या तारा वाऱ्यानें एकमेकींस लागल्या कीं वेटोळ्यांतून इतका प्रचंड प्रवाह वाहतो कीं त्यांच्यांतील चुंबकी जोर त्यांस अक्षरशः ढकलून देतो. एका टाकींत ११,००० व्होल्टच्या बाजूच्या वेटोळ्याचे पहिले दोन-चार फेरेच फुटलेले होते, बाकी सर्व धडधाकट. कारागीर म्हणाला, ही आकाशांतली वीज. अशी वीज जमिनींत उतरवून देण्याकरितां खांबावर लायटनिंग अरेस्टर असतो. पण तो निकामी झालेला असला, किंवा त्याची जमिनींत गेलेली तार तुटलेली असली, तर त्या विजेस रोहित्रावांचून दुसरी वाट राहत नाहीं. जमीन उन्हाळ्यांत कोरडी ठणठणीत होते, आणि मृगाच्या पहिल्या वळवांत ही विपत्ति येते. अर्थिंगच्या खड्ड्यांत मीठ-कोळसा भरणें व त्यास उन्हाळ्यांत पाणी पाजणें एवढें केल्यानें पुष्कळ काम होतें.

आणखी एका टाकींत वेटोळ्यांचा वरचा भाग जळालेला, खालचा भाग शाबूत. तेल कमी झालें होतें. कोठें झांकणाच्या रबरांतून तें झिरपतें, कोठें चोर रात्रीं काढून नेतात. तेलाच्या वर उघड्या पडलेल्या तारेस ना थंडावा, ना संरक्षण. शेवटच्या दोन टाक्यांत झांकणाखालीं गंज आणि तळाशीं पाण्याचे थेंब. रोहित्र दिवसा तापतें, रात्रीं निवतें, आणि त्याबरोबर श्वास घेतल्याप्रमाणें बाहेरची हवा आंत ओढतें. ती हवा कोरडी करण्यासाठीं ब्रीदर नांवाची एक लहानशी बरणी असते व तिच्यांत सिलिका जेलचे निळे खडे असतात. ते ओल शोषून गुलाबी झाले कीं बदलावयाचे. चांगल्या नव्या तेलानें अडीच मिलिमीटरच्या अंतरांत ३०,००० व्होल्टचा दाब तरी सोसला पाहिजे. पाण्याचा किंचित् अंश मिसळला कीं ही शक्ति झपाट्यानें उतरते. आमच्या शिवारांतील चारही रोहित्रांच्या बरण्या मीं रस्त्यावर उभा राहून पाहिल्या. दोन ठिकाणीं खडे फिके गुलाबी होते, एके ठिकाणीं बरणी फुटलेली होती, आणि एके ठिकाणीं बरणीच नव्हती.

एकाच टाकींत दोन-तीन लक्षणें मिसळलेलीं असतात, आणि पार कोळसा झालेल्या यंत्रांत कांहींच ओळखूं येत नाहीं, हेंही खरें. तरी नऊपैकीं सातांचें कारण त्या कारागिरास सांगतां आलें.

त्या नवांत आमचें दुसरें रोहित्र होतें. तेलाची खूण पातळीच्या चार बोटें खालीं. वेटोळीं वरून जळालेलीं. आणि उरलेल्या भागांतही तिन्ही पायांवरचा कागद तपकिरी. कारागिरानें दोन्ही कारणें एका वाक्यांत सांगितलीं: तेल पुरतें न भरतां यंत्र दिलें, आणि त्यावर झेपेना इतका भार टाकला. पहिलें पाप देणाऱ्यांचें, दुसरें आमचें. गांवांत येऊन मीं हें सांगितलें तेव्हां पहिला भाग सर्वांस पटला.

दुसऱ्या भागासाठीं मीं पीक पाहणीस जावें तसा वही घेऊन विहिरीविहिरींवर गेलों. कागदोपत्रीं त्या रोहित्रावर १८ जोडण्या: चौदा पांच अश्वशक्तीच्या, चार तीनच्या, एकूण ८२ अश्वशक्ति. प्रत्यक्षांत मोटारी निघाल्या २२. त्यांपैकीं चार आकड्यावरच्या. ११ मोटारी साडेसातच्या आणि ११ पांचच्या. बेरीज साडे एकशें सदतीस. साडेसातांत एक माझी. जोडणी पांचची आहे. २०१६ सालीं पाणी खालीं गेलें तेव्हां मीं साडेसातची मोटार सोडली, आणि तशी नोंद करून घ्यावी हें मला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्यास, सुचलें नाहीं. अधिक खरें सांगावयाचें तर सुचलें होतें, पण केलें नाहीं.

आतां हिशेब पाहा. १०० केव्हीएचें रोहित्र प्रत्येक फेजवर सुमारें १३३ अँपियर प्रवाह देऊं शकतें. पांचची मोटार पुऱ्या भारावर सुमारें साडेसात अँपियर घेते, साडेसातची अकराच्या आसपास. आमच्या बावीस मोटारी एकदम चालल्या म्हणजे मागणी दोनशें अँपियर, अर्थात् दीडपट. लोक समजतात कीं दीडपट भारानें उष्णता दीडपट होते. तसें नाहीं. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गानें वाढते. दीडपट प्रवाहास उष्णता सव्वादोनपट. शिवाय भार वाढला कीं दाब उतरतो, दाब उतरला कीं मोटार तेंच काम करण्यास अधिक प्रवाह ओढते, आणि हें चक्र रोहित्राच्या मुळावर येतें.

पहांटेची गोष्ट याहून वाईट. मोटार सुरू होतांना कांहीं क्षण नेहमींच्या पांच-सहापट प्रवाह घेते. पूर्वीं माणूस विहिरीवर जाऊन बटण दाबी, त्यामुळें मोटारी मागें-पुढें सुरू होत. हल्लीं रात्रींची वीज, साप-विंचवाची भीति, बिबट्याची भीति. म्हणून बहुतेकांनीं स्वयंचलित स्विच बसविले आहेत. गेलेली वीज परत आली कीं बावीसही मोटारी त्याच क्षणीं उठतात. शेतकऱ्यास त्यासाठीं दोष देणें सोपें आहे; थंडीच्या रात्रीं दोन वाजतां उसांत जाऊन पाहिल्यावर मग द्यावा. परंतु सुरू होण्यास विलंब लावणारा टायमर त्याच पेटींत बसतो. कोणीं एक मिनिटाचा, कोणीं तीनचा, कोणीं पांचचा विलंब लावावयाचा, एवढें ठरविण्यास आमच्या गांवास एक बैठक पुरली असती. ती बैठक दोन रोहित्रें गेल्यावर झाली.

तीन फेजांची वेळ संपली कीं कंडेन्सर लावून दोन फेजांवर मोटार ओढण्याचीही चाल आहे. त्यानें मोटार तापते आणि रोहित्रावर भार लंगडा पडतो. वर सांगितलेली एकाच पायावर जळालेली टाकी अशाच एका गांवाहून आली होती. याच्या उलट, मोटारीस योग्य मापाचा कपॅसिटर कायमचा जोडणें हितकर आहे. पांच अश्वशक्तीस सुमारें दोन केव्हीएआरचा लागतो. मोटारीचा पॉवर फॅक्टर ०.७ वरून ०.९ वर गेला तर तिचा प्रवाह पांचव्या हिश्शाहून अधिक कमी होतो. दोन गोष्टींचीं नांवें सारखीं असल्यानें लोकांची गल्लत होते, म्हणून हें स्पष्ट लिहिलें.

फ्यूजविषयीं लिहितांना मला लाज वाटते. फ्यूज ही मुद्दाम ठेवलेली दुबळी तार. यंत्राऐवजीं तिनें जळावें यासाठींच ती असते. ती वारंवार जळूं लागली कीं आम्ही तेथें जाड तारेचा पेड बांधतों आणि म्हणतों, आतां फ्यूज जात नाहीं. खरेंच जात नाहीं. मग रोहित्र जातें. आणि हें बांधण्यासाठीं डी. पी. वर चढलेलीं माणसें मेलेलीं आहेत. माझें स्पष्ट सांगणें आहे कीं, ज्याचें तें काम नाहीं त्यानें पेटीस हात लावूं नये. तेलाची पातळी व ब्रीदरचा रंग जमिनीवरून दिसतो; आपला अधिकार पाहण्याचा व लिहिण्याचा, चढण्याचा नव्हे.

वीजवाल्यांचा हिस्सा मी विसरलेलों नाहीं. मंजूर भार नोंदवून घेतांना प्रत्यक्ष मोटार पाहावयाची नाहीं, लोंबत्या तारा ओढावयाच्या नाहींत, दुरुस्त यंत्र तेल न तपासतां धाडावयाचें, आणि तेंच पुन्हां जळून आलें तर पुन्हां तेथेंच धाडावयाचें, यास व्यवस्था म्हणत नाहींत. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१४ सालच्या विनियमांत ग्रामीण भागांतील जळालेलें रोहित्र ४८ तासांत बदलण्याची मुदत घातली गेली. मुदत हवीच. पण केवळ मुदतीनें एवढेंच साधतें कीं तेंच मरण लवकर लवकर येतें. बदलणाऱ्यानें कारण लिहून त्याची नक्कल ग्राहकांस द्यावी, ही माझी मागणी आहे. सातबाऱ्याचा उतारा कोणासही मिळतो. ज्या यंत्राच्या जिवावर त्या सातबाऱ्यावरचें बागायत उभें आहे, त्याचा उतारा कां मिळूं नये? केव्हां बसविलें, किती वेळां दुरुस्त झालें, वेटोळीं तांब्याचीं कीं ॲल्युमिनियमचीं, तेल केव्हां तपासलें, एवढें एका पानावर मावतें.

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस राज्य सरकारनें वीजबिलाची माफी दिली आहे. ती शेतकऱ्यास मोठा आधार आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु बिल माफ झालें तरी अँपियर माफ होत नाहींत. उलट दहाची मोटार साडेसातची म्हणून सांगण्याचा मोह आतां अधिक आहे, आणि तो भार कोणत्याही कागदावर न येतां रोहित्रावर येतो. २०१८ सालीं उच्चदाब वितरण प्रणालीची योजना निघाली. तींत एक-दोन शेतकऱ्यांस मिळून एक लहान रोहित्र देतात. जेथें तशीं बसलीं तेथें मीं एक फरक पाहिला: आपल्या रोहित्रावर आकडा टाकणाऱ्यास मालक स्वतः हटकतो. वीस जणांच्या रोहित्रावर कोणी कोणास हटकत नाहीं.

कोणी म्हणेल, यंत्र त्यांचें, वही आम्हीं कां ठेवावी? धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे बांधून फड पद्धतीनें पाणी वांटून घेणारीं गांवें होतीं. कोणत्या फडास केव्हां पाणी, हें गांवच ठरवी. पाटकऱ्यास गांव पोसी. नदी कांहीं गांवाची मालमत्ता नव्हती. पण पाणी मोजकें आहे आणि तें सर्वांचें आहे, हें त्या शेतकऱ्यांस ठाऊक होतें. १३३ अँपियर हेंही मोजकेंच पाणी आहे. बावीस मोटारींच्या दोन पाळ्या केल्या तर प्रत्येक पाळीस शंभराच्या आसपास अँपियर लागतात, म्हणजे रोहित्र सुखानें झोंपतें. प्रत्येकाचे तास निम्मे होतात, ही अडचण खरी आहे. परंतु ज्या महिन्यांत रोहित्र जळतें त्या महिन्यांत तास शून्य होतात.

आम्हीं गेल्या रब्बीपासून अशी पाळी लावली आहे. दोघे जण अद्याप मानीत नाहींत. त्यांपैकीं एक माझा चुलतभाऊ आहे, तेव्हां या विषयावर घरीं बोलणें बंद आहे. चारपैकीं तीन आकडे निघाले. रोहित्र अद्याप चालूं आहे, पण एका हंगामावरून फुशारकी मारण्यासारखें कांहीं झालेलें नाहीं. शिवाय या वेळीं वायरमनसमक्ष तेल पुरतें भरून घेतलें होतें, तेव्हां श्रेय पाळीचें कीं तेलाचें हें मला सांगतां येणार नाहीं. तें कळावें म्हणूनच वही.

वहींत दर पंधरवड्यास तेलाची पातळी, खड्यांचा रंग, फ्यूज किती वेळां गेला, आणि तारा कोठें लोंबतात, एवढे रकाने आहेत. रोहित्र जळालें तर तें खालीं उतरविण्यापूर्वीं दोन पंच व वायरमन यांच्या सहीनें वरून दिसेल तें लिहावयाचें, आणि टाकी उघडली जाईल तेव्हां गांवचा एक मनुष्य तेथें हजर राहावयाचा. संस्थेच्या येत्या वार्षिक सभेपुढें या वहीचा नमुना मी ठेवणार आहें. शेवटचें पान मोटारींच्या खऱ्या अश्वशक्तीचें आहे. त्यावर अजून नऊ जणांनीं आंकडा भरलेला नाहीं. पहिल्या ओळींत माझें नांव व साडेसात असें लिहिलेलें आहे, आणि जोडणीचा भार वाढवून मिळण्याविषयींचा माझा अर्ज गेल्या महिन्यांत दाखल झाला. त्याची पोंच वहीस टांचली आहे.